कँटीनपर्यंत गेलेला बँड

कलावंताचं एक बोट वर गेलं की त्याचा अर्थ एकच असतो: माझा आवाज वाढव. तीस-पस्तीस वर्षं मी चेन्नईच्या सभागृहांत सगळ्यांच्या मागे, बटणांचा पसारा मांडून बसलो आणि अशी बोटं पाहिली. गायकाचं बोट, व्हायोलिनवाल्याचं बोट, घटम म्हणजे मातीचा घडा वाजवणाऱ्याचं बोट. माझा आवाज कमी कर असं सांगणारा कलावंत भेटला तर त्याला घरी जेवायला बोलावीन, असं मी येता-जाता म्हणत असे. नोकरीच्या अगदी शेवटी तो भेटला, आणि भेटला कुठे तर सगळ्यात मोठ्या आवाजाच्या लोकांत. ही हकिकत त्याची आहे.

आमच्या गावात या धंद्याला मैकसेट म्हणतात आणि मला मैकसेट राव. तुळजाराम राव हे माझं पाळण्यातलं नाव आता रेशनकार्डावर आणि बायकोच्या रागात तेवढं उरलं आहे. आम्ही तंजावरकडचे मराठी, किती पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आलो ते विचारू नका. आमच्या घरातलं मराठी ऐकून वत्सला, म्हणजे माझी सांगलीची बायको, लग्नानंतर कित्येक दिवस पदराआड हसत होती. हा लेख तिच्या नजरेखालून गेला आहे. तेव्हा यातलं शुद्ध ते तिचं आणि अशुद्ध ते माझं.

लोकांना वाटतं, माइक म्हणजे आवाज मोठा करायचं यंत्र आणि आम्ही ते चालू-बंद करणारे. खरं काम वाढप्याचं आहे. पंगतीत वाढपी कसा फिरता फिरता बघतो, कोणाच्या पानात भाजी संपली, कोणाला वरण जास्त झालं; तसं आम्ही बघतो, तंबोरा बुडतोय का, मृदंग गायकाच्या अंगावर जातोय का. सगळ्यात मोठी भीती एका आवाजाची. स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकात शिरला आणि गोल गोल फिरायला लागला की ‘कुंईई’ अशी किंकाळी निघते. मग सगळं सभागृह मान वळवून मागे बघतं. वर्षभर काम चोख केलं तर एक माणूस वळून बघत नाही. आमच्या धंद्यातली प्रसिद्धी ही अशी.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गायिका मामी होत्या (इथे पोक्त बाईला मामी म्हणतात आणि पोक्त पुरुषाला मामा), सुरेल गळा, पण दर गाण्याला त्यांचं बोट वर. मी वाढवून वाढवून थकलो. शेवटी मी एक छोटी डबी केली. तिला एक गोल बटण आणि एक लाल दिवा बसवला आणि डबी त्यांच्या मांडीजवळ ठेवली. म्हटलं, मामी, आता तुमचा आवाज तुमच्याच हातात, हवा तेवढा वाढवा. डबीची वायर गालिच्याखाली गेली होती आणि तिथेच संपली होती. मामींनी तीन तास मनसोक्त बटण फिरवलं आणि मैफल संपल्यावर मला शाल दिली. म्हणाल्या, आज पहिल्यांदा आवाज बरोबर लागला. पुढे इतर गायकही ती डबी मागायला लागले आणि मला आणखी दोन कराव्या लागल्या.

दुसरे रामभद्रन सर. मृदंगातला मोठा माणूस, आता ऐंशीच्या घरात. त्यांचं दुःख कळायला इथली एक रीत सांगितली पाहिजे. कर्नाटक संगीताच्या मैफलीत मुख्य राग गाऊन झाला की गायक थांबतो आणि मृदंग, घटम यांना एकट्याने वाजवायला वेळ मिळतो. त्याला तनी म्हणतात. तालवाद्यवाल्याचं सगळं कसब त्या पंधरा-वीस मिनिटांत. आणि नेमकी तनी सुरू झाली की सभागृहातली अर्धी माणसं उठून कँटीनला जातात. तालाचा तिटकारा आहे म्हणून नाही. पुढचं गाणं चुकवायचं नसतं, बोंडा तळून तयार असतो, आणि बापजाद्यांपासून लोक याच वेळी उठत आले आहेत. डिसेंबरातल्या संगीताच्या हंगामात कुठल्या सभेचं, म्हणजे मैफली भरवणाऱ्या संस्थेचं, कँटीन चांगलं याची चर्चा गवयांच्या बरोबरीने होते. रामभद्रन सर मला नेहमी म्हणत, “राव, माझ्या तनीला एक स्पीकर कँटीनमध्ये लाव. माझे श्रोते तिथे बसतात.” ते हसत म्हणत, पण ते हसू मला पुरतं खरं कधीच वाटलं नाही.

मी नोकरीला होतो त्या सभेत एका डिसेंबरात बिग बँड आला.

बिग बँड म्हणजे जाझ वाजवणारा मोठा ताफा. पाच सॅक्सोफोन, चार ट्रॉम्बोन, चार ट्रंपेट, वर पियानो, गिटार, उभा ठेवून वाजवायचा भलाथोरला बास आणि ड्रम. जाझ म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी सांगतो, आपल्या मैफलीसारखंच असतं, थोडं आधी बांधलेलं आणि थोडं जागेवर सुचलेलं. फरक इतकाच, की इथे सगळ्यांना एकदम सुचतं आणि तरी गाडी रुळावर राहावी लागते.

ताफ्याचे म्होरके डोमिनिक मास्टर. पेरांबूरच्या रेल्वे कॉलनीत वाढले, चर्चच्या बँडमध्ये ट्रंपेट शिकले आणि कोडंबाक्कमच्या स्टुडिओंत सिनेमाच्या गाण्यांना वाजवत त्यांचं आयुष्य गेलं. नायक मोटारीतून उतरतो आणि मागे ट्रंपेट गर्जतं, असं कुठलंही जुनं तमिळ गाणं आठवा. बहुधा ते मास्टरांचं असेल. मात्र पडद्यावर, तबकडीवर, पोस्टरवर, कुठेही त्यांचं नाव नाही. वाजवणाऱ्यांची नावं घालायची पद्धतच नव्हती. पुढे संगणक आले. एका पोराने कीबोर्डच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि आतून खुद्द मास्टरांचंच ट्रंपेट वाजलं. कधीतरी भरून ठेवलेलं. त्या दिवशी मास्टर घरी गेले ते पुन्हा स्टुडिओत आले नाहीत.

पण ट्रंपेट त्यांनी खाटेखाली टाकलं नाही. त्यांनी माणसं जमवली. चर्चमधले, लग्नाच्या बँडमधले, शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत दिवसभर पडद्याकडे बघून कंटाळलेले. वर्षानुवर्षं एका शाळेच्या शेडमध्ये तालमी केल्या. मास्टर स्वतः संगीत लिहीत आणि ते वेडं असे. अर्धं कागदावर असायचं, अर्धं त्यांच्या हातात. तळवा उघडला की सूर लांबवायचा. मूठ मिटली की शांतता. दोन बोटं दाखवली की दोघांनी एकमेकांशी भांडायचं. डोक्यावर बोट फिरवलं की उभं राहून वाजवायचं. पुढच्या क्षणी काय होणार ते त्यांनाही ठाऊक नसायचं.

हा ताफा लग्नांत, वाढदिवसांत वाजवून आला होता, पण संगीताच्या हंगामात, सभेच्या रंगमंचावर कधीच नाही. आणि मास्टरांकडे वेळ उरला नव्हता. ट्रंपेट फुंकताना सगळा जोर वरच्या पुढच्या दातांवर येतो. मास्टरांचे ते दोन दात हलत होते. दंतवैद्याने पोंगलनंतर काढायचे ठरवले होते. हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं, कुणी चष्म्याचा नंबर वाढला म्हणून सांगावं तसं. एकदा, फक्त एकदा, बसून ऐकणाऱ्या लोकांसमोर आपलं स्वतःचं संगीत वाजवायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

आमचे सेक्रेटरी वैद्यनाथन सर. बँकेतून निवृत्त, शिस्तीचे कडक, पण कान जागा. त्यांनी शेडमध्ये एक तालीम ऐकली आणि कमिटीशी भांडून मास्टरांना हंगामातली एक संध्याकाळ दिली. कमिटीतले निम्मे खवळले. सभा आहे की लग्नाचं कार्यालय, असं एकाने विचारलं. शेवटी तडजोड झाली. शेवटचा तुकडा, म्हणजे शेवटची रचना, वाजेल तेव्हा कमिटी सभागृहात येऊन बघेल. सभागृह भरलेलं असलं तर दर हंगामात बिग बँडला एक दिवस. रिकामं असलं तर पुन्हा या विषयाचं नाव काढायचं नाही.

त्या दिवशी दुपारीच मी सगळी तयारी करून ठेवली होती. प्रत्येक वाजवणाऱ्याला एक माइक, आणि रंगमंचावर छोटे स्पीकर, ज्यांतून कलावंताला स्वतःचं ऐकू येतं आणि मलाही गरज पडली तर त्याच्याशी हळूच बोलता येतं. एवढे माइक मी आयुष्यात एका वेळी लावले नव्हते. दोन ठिकाणांहून उसने आणले होते. छाती फुगवून बसलो होतो म्हणा ना. मास्टर आले, त्यांनी ते माइकांचं रान पाहिलं, मग सावकाश चालत माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, हे सगळं काढा. फुंकणारे आपला आवाज आपणच कमी-जास्त करतात, एकमेकांचं ऐकून. तुम्ही मध्ये पडलात तर ते एकमेकांचं ऐकायचे थांबतील. पियानोला एक ठेवा, गिटारला एक, बासला एक. आणि रंगमंचाच्या कडेला एक.

मी विचारलं, “मास्टर, मग मी काय करू?”

“ऐका,” ते म्हणाले.

कडेचा माइक कशाला, तेही विचारलं. शेवटी लागेल, म्हणाले.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. वाढप्याला कुणी सांगितलं की आज तू नुसता बस, तर त्याला कसं वाटेल. मी धुसफुसत वायरी गुंडाळत होतो तेवढ्यात ड्रमवाली मुलगी मदतीला आली. प्राजक्ता तिचं नाव. नाशिकची, श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने थेट आली होती, गळ्यात अजून ओळखपत्र. नाशिकला ढोलपथकात होती, तिथून ड्रमवर आली. मी मराठीत बोललो तेव्हा ती आधी दचकली आणि मग खूश झाली.

“काका, तुम्ही तर बखरीतलं बोलता,” ती म्हणाली.

तिचा मोठा एकल तुकडा होता, मास्टरांनी खास तिच्यासाठी राखलेला. त्याची तिला धास्ती वाटत होती. मी म्हटलं, “भिऊं नक्को गा, बरं होतेस कीं.” वत्सलाने हे वाक्य ‘घाबरू नकोस, चांगलंच होईल’ असं शुद्ध करायला घेतलं होतं, पण मी ते तसंच ठेवायला लावलं.

मग त्यांनी आवाज तपासण्यासाठी पहिला सूर लावला. देवा रे. सगळी पितळेची वाद्यं एकदम उठली आणि भिंतीवरच्या संस्थापकांच्या तसबिरी थरथरल्या. आवाज माझ्या स्पीकरांतून येत नव्हता. तो थेट येऊन छातीवर आदळत होता, आणि तरी त्यात प्रत्येक जण वेगळा कळत होता. मी गुंडाळलेली वायर हातात धरून उभा राहिलो. राग कुठे गेला ते कळलं नाही.

संध्याकाळी सभागृह भरलं. नेहमीचीच मंडळी. वेष्टी नेसलेले मामा, रेशमी साड्यांतल्या मामी, चेन्नईच्या त्या नावापुरत्या थंडीला घाबरून कानांना मफलर गुंडाळलेले आजोबा. हंगामाचं तिकीट सगळ्या दिवसांचं असतं, त्यामुळे जे असेल ते ऐकायला लोक येतात. रामभद्रन सर दुसऱ्या रांगेत कडेला बसले होते.

पहिलाच तुकडा सात मात्रांचा होता. मी मागून बघत होतो. आधी सगळे ताठ. मग एका मामांचा हात मांडीवर पडला. मग त्यांच्या शेजारच्याचा. बघता बघता रांगाच्या रांगा मांडीवर ताल धरायला लागल्या, बोटं मोजू लागली, आणि मात्रा बरोबर समेवर पडल्या तेव्हा कोणीतरी ‘भले’ म्हणालं. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ रागांच्या यादीचं छोटं पुस्तक उघडून बसले होते. पानं उलटून दमल्यावर त्यांनी वळून मला विचारलं, राग कोणता. मी म्हटलं, पेरांबूर. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि पुस्तक मिटून ठेवलं.

दुसरा तुकडा पेरांबूरच्या रेल्वे फाटकाचा. ट्रॉम्बोनांनी दुरून गाडी आणली, सॅक्सोफोनांनी अडकलेल्या रिक्षांचा कलकलाट केला. मास्टर दोन बोटं कधी इकडे दाखवत, कधी तिकडे, आणि ज्याच्याकडे बोटं जातील तो जीव तोडून भांडे. गाडी अगदी अंगावर आली आणि त्यांनी मूठ मिटली. चिडीचूप. इतकी माणसं एका सभागृहात श्वास रोखून बसलेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहेत. माझे हात मांडीवर होते, करायला काही काम नव्हतं, आणि मी लहान पोरासारखा खुर्चीच्या टोकावर आलो होतो. सेक्रेटरी दारातून डोकावून गेले. चेहऱ्यावर दिसू न देण्याचा आटोकाट प्रयत्न चालला होता, पण मिशा हसत होत्या.

मग तिसऱ्या तुकड्याच्या मध्यावर एकेक वाद्य थांबत गेलं. मास्टर बाजूला पडद्याजवळ जाऊन उभे राहिले. उजेड प्राजक्तावर आला आणि तिने अगदी हलक्या हाताने ड्रम सुरू केला.

आणि मी ऐकलं: खटक.

आमच्या सभागृहातल्या खुर्च्या स्प्रिंगच्या आहेत. माणूस उठला की बैठक आपोआप वर जाते आणि खटक वाजतं. हा आवाज माझ्या कानात इतक्या वर्षांचा मुरलेला आहे. खटक. मग खटक, खटक. बाकीचे थांबले आणि तालवाद्य एकटं सुरू झालं, म्हणजे तनी. तनी, म्हणजे बोंडा. मंडळींनी विचारसुद्धा केला नव्हता, त्यांचे पायच उठले होते. मफलरवाले, रेशमी साड्या, रागांच्या पुस्तकवाले, सगळे शिस्तीत बाजूच्या दारांकडे निघाले. रोजच्यापेक्षा जास्तच, कारण पहिल्या दोन तुकड्यांनी भूक खवळली होती.

बँडमधल्या कोणालाच ही रीत माहीत नव्हती. मास्टरांचा जन्म स्टुडिओच्या बंद दारामागे गेला होता, तिथे कसले श्रोते. प्राजक्ताला तर चेन्नईत येऊन दोनच वर्षं झाली होती. तिने झांजांच्या मधून पाहिलं. हात थांबले नाहीत, पण आघात पातळ झाला. मला तिच्या कानात सांगायचं होतं की बाळ, हे असंच असतं, मोठमोठ्यांचं असंच करतात. पण रंगमंचावरचे माझे छोटे स्पीकर दुपारीच काढून गोदामात ठेवले होते. मोठ्या भोंग्यावरून थोडंच सांगणार, घाबरू नकोस, लोक बोंडा खायला गेलेत म्हणून. आणि पुढचा तुकडा शेवटचा होता, कमिटी आता कधीही सभागृह बघायला येणार होती.

मैफल चालू असताना टेबल सोडायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी टेबल सोडलं. भिंतीच्या कडेने, बाहेर जाणाऱ्यांच्या उलट दिशेने, या वयात जमेल तसा धावलो. मास्टर पडद्याला टेकून रिकाम्या होत जाणाऱ्या रांगांकडे बघत होते. ट्रंपेट त्यांनी छातीशी धरलं होतं.

मी धापा टाकत सांगितलं, मास्टर, लोक पळाले नाहीत. एकट्या तालवाद्याच्या वेळी कँटीनला जायची इथली सवय आहे. खाऊन परत येतात.

त्यांनी बाजूच्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “कँटीन कुठे आहे?”

“मागच्या आवारात. मांडवात.”

मास्टर रंगमंचाच्या मध्यावर गेले. डोक्यावर बोट फिरवलं. सगळे उभे राहिले. मग त्यांनी तेच बोट बाजूच्या दाराकडे केलं. ही खूण कोणी कधी पाहिली नव्हती. क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग पहिला ट्रॉम्बोनवाला पायऱ्या उतरला. त्याच्या मागे दुसरा. सॅक्सोफोन, ट्रंपेट, सगळे वाजवत वाजवत खाली उतरून दाराकडे चालू लागले. प्राजक्ता एका हाताने ठेका चालू ठेवून धडपडत उभी राहिली. ड्रम कसे नेणार? मग तिच्यातली नाशिककरीण जागी झाली. तिने मधला चपटा ड्रम स्टँडवरून उचलला, ओढणी काढून ढोल बांधतात तसा कमरेला करकचून बांधला, आणि निघाली. आता ती घाबरलेली नव्हती. ढोल कमरेला असला की ती मुलगी दुसरीच असावी.

बासवाला आपलं धूड आजारी माणसाला सावरावं तसं उचलून मागे निघाला. पियानोवाला बिचारा एकटाच रंगमंचावर बसून राहिला आणि जमेल तेवढं वाजवत राहिला. त्याचा माइक चालू होता, पण मी काही टेबलाकडे परत गेलो नाही. मीही बँडच्या मागे गेलो.

मांडवात लोक पानावर बोंडे घेऊन, हातात कॉफीचे पेले घेऊन उभे होते. पितळेची वाद्यं दारातून आत आली तशा सगळ्या माना वळल्या. कॉफीवाल्याने वरून धार सोडली होती ती तशीच हवेत राहिली आणि अर्धी कॉफी टेबलावर गेली. बँडने टेबलांभोवती कडं केलं. उघड्या हवेत, भिंती नाहीत, स्पीकर नाहीत, आणि तो आवाज मात्र गल्लीतल्या झाडांपर्यंत भरून राहिला होता. मग मास्टरांनी मूठ मिटली. एकटी प्राजक्ता उरली. तिचा तुकडा आता सुरू झाला, आणि या वेळी कोणी उठून जाणार तरी कुठे.

लोकांनी पानं खाली ठेवली. टेबलावर हात पडायला लागले, आठ मात्रांचा सरळ ताल. प्राजक्ताने तो उचलला, मोडला, तिप्पट केला, नाशिकचा ढोल मधेच घुसवला आणि पुन्हा समेवर आणून ठेवला. आणि गर्दीतून कोणीतरी तोंडाने मृदंगाचे बोल म्हणायला लागलं. रामभद्रन सर. एका हातात अर्धा बोंडा, डोळे मिटलेले, आणि तोंडातून तकधिमि तकजोणु असा धबधबा. प्राजक्ताने ऐकलं आणि तेच ड्रमवर परत दिलं. त्यांनी अवघड बोल टाकला, तिने झेलला. तिने नाशिकचा एक टाकला, त्यांनी तो तोंडाने फिरवून परत फेकला. त्यांचं ते चाललं होतं तोवर कॉफी कोणीच मागितली नाही. मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, दोन्ही एकदम. शेवटी दोघं एकाच समेवर आले आणि मांडवात जी आरोळी उठली तशी आरोळी त्या सभेत मी कधी ऐकली नव्हती.

रामभद्रन सरांनी बोंडा पानावर ठेवला, हात पुसला आणि तो तिच्या डोक्यावर ठेवला. त्यांनी तमिळमध्ये जे सांगितलं ते मी तिला मराठीत सांगितलं.

“मी आयुष्यभर यांना इथे पाठवलं. तू यांच्यामागे आलीस. मला हे कधी सुचलं नाही.”

एवढ्यात मागून हाक आली. शेवटच्या तुकड्यासाठी कमिटी आधीच सभागृहात शिरली होती. विरोधातल्या मंडळींनी रिकाम्या खुर्च्या आणि एकटा पियानोवाला पाहिला आणि त्यांना हवं ते मिळालं. वैद्यनाथन सर दारात उभे होते. शेजारी एक सभासद बजावत होता की सभागृह रिकामं आहे, ठरल्याप्रमाणे विषय संपला. सरांनी शांतपणे फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, किती स्कूटर बाहेर गेल्या. तो म्हणाला, एकही नाही.

तेव्हा मास्टरांनी पुन्हा डोक्यावर बोट फिरवलं आणि सभागृहाकडे दाखवलं. बँड वाजवत परत फिरला आणि अख्खा मांडव त्याच्यामागे. लोकांच्या हातात कॉफीचे पेले तसेच. आमच्या सभागृहाच्या दारावर जुनी पाटी आहे, खाद्यपदार्थ आत आणू नयेत. ही पाटी सरांनी स्वतः लावलेली. कॉफी घेऊन आत शिरणाऱ्या एका मंत्र्यालाही त्यांनी तिथे थांबवल्याचं मी पाहिलं आहे. सगळा जमाव पाटीखाली येऊन अडखळला. सरांनी पाटीकडे पाहिलं, जमावाकडे पाहिलं, मग दाराचं एक कवाड पाठीने ढकलून उघडं धरलं आणि म्हणाले, सांडू नका.

शेवटचा तुकडा सुरू झाला तेव्हा एक खुर्ची रिकामी नव्हती. भिंतीला टेकून लोक उभे होते आणि त्यांत कँटीनचे दोघे स्वयंपाकीही होते. कमिटीने बघायचं ते बघितलं. त्या तुकड्याच्या शेवटी मास्टरांचं ट्रंपेट एकटं वर चढत जातं. मी मागे टेबलाशी बसून त्यांच्या दातांचा विचार करत होतो. ते वर गेले, आणखी वर गेले, आणि तिथे सूर धरून राहिले. तो सूर पातळ नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगतो. पोंगलनंतर मास्टरांचे दात काढले. आता ते फुंकत नाहीत, नुसते हातांनी बँड चालवतात. पुढच्या हंगामातही त्यांना दिवस मिळाला आणि त्याच्या पुढच्याही. मी निवृत्त झालो. आवाज कमी करायला सांगणारा कलावंत म्हणून मी त्यांना कबूल केल्याप्रमाणे जेवायला बोलावलं आणि वत्सलाने पुरणपोळी दुधात भिजवून वाढली, म्हणजे चावायला नको.

पण त्या संध्याकाळचा खरा शेवट राहिला. सूर संपला, टाळ्या थांबेनात. तेव्हा मास्टर रंगमंचाच्या कडेला ठेवलेल्या त्या एका माइककडे गेले. आता कळलं तो कशाला हवा होता. त्यांनी एकेकाचं नाव घेतलं. अमुक, सॅक्सोफोन. तमुक, ट्रॉम्बोन. लग्नाच्या बँडमधल्या दोघांचं, सॉफ्टवेअरवाल्यांचं, प्रत्येकाचं पूर्ण नाव, सावकाश, कोणी चुकून राहू नये म्हणून. पियानोवाल्याचं नाव घेताना त्याला उभं केलं. प्राजक्ताच्या नावाला सभागृह दणाणलं. मग ते म्हणाले, “आणि ऐकायला, मैकसेट राव.” सगळं सभागृह मान वळवून मागे बघायला लागलं, आणि कुठेच किंकाळी नव्हती.

मास्टरांनी हात जोडले आणि माइकपासून दूर झाले. सगळी नावं झाली होती. त्यांचं सोडून. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं, सवयच नव्हती.

माझ्या टेबलावर एक छोटा माइक असतो, सभागृहातल्या मोठ्या स्पीकरांना जोडलेला. इतक्या वर्षांत त्यावर मी एकच वाक्य बोललो होतो, हॅलो, माइक टेस्टिंग. मी बटण दाबलं. मग मी म्हणालो, “ट्रंपेट, डोमिनिक मास्टर.”

खटक, खटक, खटक. सगळं सभागृह उठलं. आणि या वेळी कोणीही कँटीनला गेलं नाही.